विकर काम करते, पण त्याला आवरते कोण?

विकरांचा धडा शिकवताना आपण सगळे एक प्रयोग हमखास करतो. परीक्षानळीत स्टार्चचे पातळ द्रावण घ्यायचे, त्यात लाळ मिसळायची आणि दर दोन मिनिटांनी एकेक थेंब आयोडीनवर टाकायचा. निळा-काळा रंग हळूहळू फिका होतो आणि शेवटी नाहीसा होतो. मग एक नळी बर्फात ठेवायची, एक उकळून घ्यायची आणि फरक पाहायचा. प्रयोग सोपा आहे, स्वस्त आहे आणि मुलांना आवडतो.

जळगाव जिल्ह्यात मात्र हा प्रयोग करताना एक वेगळाच प्रश्न पुढे येतो. वर्गातली बरीच मुले केळीच्या बागांतून आलेली असतात. त्यांतला एखादा विचारतो, "सर, कच्च्या केळ्यातही स्टार्चच असते ना? ते गोड करणारे विकर केळ्यात आधीपासून असेल, तर घड तीन महिने झाडावर असतो तेव्हा ते काम का करत नाही? आणि नसेल, तर रावेरहून दिल्लीला गेल्यावर ते येते कुठून?"

प्रश्न अगदी नेमका आहे. कच्च्या केळ्याच्या गरात वीस टक्क्यांच्या आसपास स्टार्च असते. पूर्ण पिकलेल्या केळ्यात ते एक-दोन टक्क्यांवर येते. घड हिरवा कापला जातो, हिरवाच भरला जातो आणि पिकवण्याच्या खोलीत इथिलीन वायू मिळाल्यावर थोड्याच दिवसांत हा सगळा बदल घडून येतो. स्टार्च फोडणारी काही विकरे कच्च्या फळात असतातच, काही मात्र इथिलीनचा संदेश मिळाल्यावर नव्याने बनवली जातात. म्हणजे विकर असणे ही एक गोष्ट झाली आणि ते केव्हा, किती व कुठे असावे हे ठरणे ही दुसरी. आपला धडा पहिल्या गोष्टीपाशी थांबतो. दुसरी गोष्ट सुटते आणि आमच्या मते तीच जीवशास्त्राची खरी गोष्ट आहे. हीच आमची तक्रार आहे.

धड्यात काय असते?

आधी धड्याच्या बाजूने बोलू. पुस्तकागणिक तपशील बदलतात, पण आराखडा साधारण एकच असतो. विकर म्हणजे प्रथिन; ते अभिक्रियेचा वेग वाढवते आणि स्वतः खर्च होत नाही; कुलूप-किल्लीची प्रतिमा; तापमान, आम्लता आणि क्रियाधाराचे प्रमाण यांचे तीन आलेख; शेवटी रोधक. २००६ साली निघालेल्या एनसीईआरटीच्या अकरावीच्या जीवशास्त्रात रोधकाचे उदाहरण म्हणून मॅलोनेट येते. सक्सिनेटसारखे दिसणारे हे रेणू सक्सिनिक डीहायड्रोजिनेजची जागा अडवून बसतात. उदाहरण उत्तम आहे. आलेख काढता येतात, प्रश्न विचारता येतात, गुण देता येतात.

पण या धड्यातले विकर नेहमी परीक्षानळीतले असते. त्याला गरम कोण करते? आपण. त्याला आम्ल कोण देते? आपण. मॅलोनेट कोण घालते? तेही आपणच. पेशी स्वतः आपल्या विकरांना कसे हाताळते, याबद्दल धडा जवळपास गप्प असतो. झाडाचे तापमान तर हवेबरोबर बदलते. धुळ्याच्या मे महिन्यातल्या दुपारी आणि जानेवारीतल्या पहाटे एकाच कडुनिंबाला जगायचे असते. केवळ आलेखावर विसंबून राहिले, तर ते झाड एका ऋतूत तरी मरायला हवे. ते मरत नाही, कारण पेशी आपली विकरे घडवते, अडवते, कापते आणि मोडते.

याच पुस्तकात पुढे वनस्पतींच्या वाढ-नियंत्रकांचा धडा येतो. ऑक्सिन, जिबरेलिन, सायटोकायनिन, ॲबसिसिक आम्ल आणि इथिलीन हे पाच गट, प्रत्येकाखाली कामांची यादी. विद्यार्थी ती पाठ करतात. इथेही तोच दोष आहे. नियंत्रक नियंत्रण करतो असे सांगितले जाते; खुद्द नियंत्रक किती बनावा, हे कोण पाहते, असा प्रश्न येत नाही.

हा दोष नुसता दाखवून भागणार नाही. त्याऐवजी काय शिकवता येईल, हे एका उदाहरणाने सांगायला हवे. त्यासाठी आम्ही पॉलिअमाइन या संयुगांचे उदाहरण निवडले आहे. यादीत सहावे नाव घाला, असे आमचे म्हणणे नाही. पॉलिअमाइने पेशीत नेहमीच्या संप्रेरकांपेक्षा बऱ्याच जास्त प्रमाणात असतात, म्हणून त्यांना संप्रेरक म्हणावे की नाही यावर मतभेद आहेत. आम्हाला त्यांचे आकर्षण वेगळ्या कारणासाठी आहे. संयुगे मोजकी, विकरे मोजकी, आणि त्या विकरांवर पेशीने ठेवलेले पहारे मात्र एकावर एक.

तीन लहान रेणू

प्युट्रेसिन, स्पर्मिडिन आणि स्पर्मिन ही ती तीन मुख्य पॉलिअमाइने. कार्बनची साखळी आणि तिच्यावर अनुक्रमे दोन, तीन व चार अमाइन गट, इतकी त्यांची रचना साधी आहे. पेशीत या गटांवर धन प्रभार असतो. डीएनए, आरएनए आणि पेशीपटले यांच्यावर ऋण प्रभार असतो. त्यामुळे ही संयुगे त्यांना धरून राहतात. पेशीविभाजन, प्रथिननिर्मिती, ताण सहन करणे अशा अनेक कामांत त्यांचा हात असतो.

नावे मात्र वनस्पतींपासून दूरची आहेत. लीव्हेनहूकने १६७८ च्या सुमारास सूक्ष्मदर्शकाखाली वीर्यात स्फटिक पाहिले, त्यावरून पुढे स्पर्मिन हे नाव पडले. प्युट्रेसिन एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सडक्या मांसात सापडले. वनस्पतिशास्त्रात त्याचे महत्त्व लक्षात यायला १९५२ साल उजाडले. त्या वर्षी रिचर्ड्स आणि कोलमन यांनी दाखवले, की पालाशची कमतरता असलेल्या बार्लीच्या पानांत प्युट्रेसिन साठते. केळी हे पालाश भरपूर घेणारे पीक आहे, हे खानदेशातल्या मुलांना सांगायला नको. पालाश कमी पडला, की पानाच्या कडा करपतात, हे त्यांनी पाहिलेले असते. बार्लीच्या पानात त्याच वेळी एका विकराचे काम वाढलेले असते, हे मात्र कोणी सांगितल्याशिवाय दिसत नाही.

ते विकर कोणते? प्युट्रेसिन बनवण्याचे वनस्पतींत दोन रस्ते आहेत. पहिला सरळ आहे. ऑर्निथिन या अमिनो आम्लातून ऑर्निथिन डीकार्बॉक्सिलेज हे विकर कार्बन डायऑक्साइड काढून टाकते आणि प्युट्रेसिन उरते. दुसरा वळणाचा आहे. आर्जिनिनवर आर्जिनिन डीकार्बॉक्सिलेज काम करते आणि ॲगमॅटिन तयार होते. त्यापासून आणखी दोन पायऱ्यांनंतर प्युट्रेसिन मिळते. प्राण्यांत आणि बहुतेक बुरशींत मुख्य रस्ता पहिलाच.

एकाच गावाला जायला दोन रस्ते कशाला? पहिल्या नजरेला ही उधळपट्टी वाटते. येल विद्यापीठात हेक्टर फ्लोरेस आणि आर्थर गाल्स्टन यांनी १९८२ साली जो प्रयोग प्रसिद्ध केला, त्यातून उत्तराची दिशा दिसली. त्यांनी ओटची पाने सॉर्बिटॉलच्या तीव्र द्रावणात ठेवली. परासरणामुळे पाण्याची ओढ निर्माण झाली, म्हणजे एक प्रकारे कृत्रिम दुष्काळच. सहा तासांत पानांतले प्युट्रेसिन साठ पटींपर्यंत वाढले. आर्जिनिनच्या रस्त्यावरचे विकरही त्याबरोबर वाढले, ऑर्निथिनच्या रस्त्यावरचे मात्र जागचे हलले नाही. आर्जिनिनचे विकर बंद पाडणारे रसायन दिले, तेव्हा प्युट्रेसिनची वाढही थांबली. बार्ली, मका आणि गहू यांच्या पानांतही असाच प्रतिसाद दिसला.

धुळे-शिंदखेडा भागात पावसाचा खंड पडला, की बाजरी पाने गुंडाळून उभी राहते. ती बाहेरून निपचित दिसते. पण पाण्याची ओढ बसलेल्या पानात आत काय धावपळ चाललेली असू शकते, याची कल्पना या प्रयोगावरून येते.

दोन रस्त्यांचा फरक माणसाने वापरलाही. १९८५ साली एम. व्ही. राजम, लेनर्ड वाइनस्टाइन आणि गाल्स्टन यांनी घेवड्याच्या पानांवर ऑर्निथिनचा रस्ता अडवणारे रसायन फवारले. तांबेऱ्याच्या बुरशीला तेवढाच रस्ता होता, म्हणून ती रोखली गेली. घेवड्याकडे दुसरा होता, म्हणून तो तगला. राजम यांनी पुढे दिल्ली विद्यापीठात पॉलिअमाइनांवर बरेच काम केले. मॅलोनेटच्या शेजारी हे उदाहरण ठेवले, तर रोधक ही कल्पना परीक्षानळीतून शेतात येते.

इथे एक सावधगिरी हवी. सर्व वनस्पतींत दोन्ही रस्ते असतातच असे नाही. मोहरीच्या कुळातल्या ॲराबिडॉप्सिस या प्रयोगशाळेतल्या लाडक्या रोपात ऑर्निथिन डीकार्बॉक्सिलेजचे जनुकच नाही, असे २००१ साली दिसून आले. त्याच्याकडे आर्जिनिनच्या रस्त्याची मात्र दोन जनुके आहेत. त्यांतले एक प्रामुख्याने दुष्काळ, क्षार आणि जखम यांना प्रतिसाद देते, दुसरे थंडीला. दोन्ही बंद केली, तर भ्रूणच जगत नाही.

आणखी एक सावधगिरी. ताणात एखादे संयुग वाढले, म्हणजे ते उपयोगीच ठरले असे नव्हे. ताप आला की अंग गरम होते, म्हणून अंग गरम करणे हा तापावरचा उपाय ठरत नाही. उपयोग सिद्ध करायचा तर ते संयुग काढून पाहावे लागते. ॲराबिडॉप्सिसचे ताणाला प्रतिसाद देणारे जनुक बिघडवल्यावर रोप क्षारांना जास्त बळी पडले आणि बाहेरून प्युट्रेसिन दिल्यावर सावरले, तेव्हा कुठे त्या बाबतीत बोलता आले.

पहाऱ्यावर पहारा

प्युट्रेसिनपासून स्पर्मिडिन आणि त्यापासून स्पर्मिन बनवायचे, तर दर वेळी तीन कार्बनांचा एक अमाइन तुकडा जोडावा लागतो. तो एस-ॲडेनोसिलमिथिओनिन या संयुगातून येतो. त्याला पुढे थोडक्यात 'सॅम' म्हणू. सॅममधून आधी कार्बन डायऑक्साइड काढावा लागतो. ते करणारे सॅम-डीकार्बॉक्सिलेज हे या साऱ्या कारभारातले सर्वांत जास्त पहाऱ्यात असलेले विकर आहे.

पहिला पहारा जनुकावर. संदेशवाहक आरएनए किती बनवायचा, हे पेशीची अवस्था आणि परिस्थिती यांवर ठरते. हा मार्ग खात्रीचा पण सावकाश.

दुसरा पहारा त्या आरएनएवर, आणि तो फार सुंदर आहे. रायबोसोम आरएनएच्या एका टोकाकडून वाचत येतो. विकराचा मजकूर सुरू होण्याआधी त्याला दोन छोटे मजकूर लागतात. पहिला अगदी चिमुकला, दोन-तीन अमिनो आम्लांचा. दुसरा सुमारे पन्नास अमिनो आम्लांचा. दोन्ही एकमेकांवर किंचित चढलेले असतात. पेशीत पॉलिअमाइन कमी असते, तेव्हा रायबोसोम पहिला मजकूर वाचतो. त्या भरात दुसऱ्याची सुरुवात हुकते, तो पुढे सरकतो आणि विकराचा मजकूर वाचतो. पॉलिअमाइन पुरेसे झाले, की पहिला मजकूर सुटतो, दुसरा वाचला जातो आणि रायबोसोम तिथेच अडकतो. विकर बनत नाही. म्हणजे विकराच्या कामातून तयार होणारा मालच विकराची निर्मिती थांबवतो.

इंग्लंडमध्ये नॉर्विच येथे टोनी मायकेल आणि सहकाऱ्यांनी हे काम केले. २००२ साली त्यांनी तंबाखूच्या रोपात यातला दुसरा मजकूर निकामी करून पाहिला. विकर बेसुमार बनू लागले, पॉलिअमाइनांचा तोल गेला आणि रोपाची वाढ बिघडली. जो मजकूर कोणत्याही उपयोगी प्रथिनाचा नाही, तो काढल्यावर रोप आजारी पडते! असा छोटा मजकूर एकदल व द्विदल दोन्ही गटांतल्या वनस्पतींत फारसा न बदलता टिकून आहे. एकदल आणि द्विदल वेगळे झाल्याला दहा कोटींहून जास्त वर्षे लोटली. इतका काळ निसर्गाने जपलेला पहारा आपल्या धड्यात एका ओळीचाही धनी नसावा, याचे वाईट वाटते.

तिसरा पहारा खुद्द प्रथिनावर. सॅम-डीकार्बॉक्सिलेज बनते ते निष्क्रिय, एका लांब साखळीच्या रूपात. ती साखळी स्वतःलाच एका जागी कापते आणि कापलेल्या टोकावरच्या अमिनो आम्लाचे रूपांतर होऊन विकराचा कार्यकारी भाग तयार होतो. ओटच्या आर्जिनिन डीकार्बॉक्सिलेजलाही कामाला लागण्याआधी कापले जावे लागते. चौथा पहारा जागेचा. ओटच्या पानांत हे विकर हरितलवकात असल्याचे आढळले आहे, पेशीभर विखुरलेले नाही. पाचवा पहारा आयुष्याचा. सॅम-डीकार्बॉक्सिलेज अल्पायुषी आहे. बनवणे थांबले, की ते लवकरच नाहीसे होते. आपली लाळेची नळी तासभर ठेवली तरी काम करत राहते. पेशीला असे चालत नाही.

शिवाय तयार पॉलिअमाइन मोडणारी विकरेही आहेत. मोडताना हायड्रोजन पेरॉक्साइड निघतो. थोडा असेल तर तो संदेशाचे काम करतो, फार झाला तर पेशीला जाळतो. त्यामुळे 'पॉलिअमाइन जितके जास्त तितके बरे' असे म्हणायची सोय राहत नाही.

रस्सीखेचीची गोष्ट

आता टीकेचा दुसरा भाग. तो लोकप्रिय विज्ञानलेखनावर आहे आणि त्यात आम्हीही दोषी आहोत. पाठ्यपुस्तकाबाहेर पॉलिअमाइनांचा उल्लेख येतो, तो बहुधा फळ पिकण्याच्या संदर्भात आणि बहुधा एका गोष्टीच्या रूपात. इथिलीनही सॅमपासूनच बनते. अॅडम्स आणि शांग फा यांग यांनी १९७९ साली त्यातला मधला दुवा शोधला. मग गोष्ट अशी सांगितली जाते, की सॅम एकच, मागणारे दोन. इथिलीन जिंकले तर फळ पिकते. पॉलिअमाइन जिंकले तर फळ टिकते. रस्सीखेच! फळ्यावर चित्र छान येते. आम्हीही वर्गात ते काढले आहे.

गोष्टीला आधार नव्हता असे नाही. दोन्ही बाजू एकमेकींची विकरे दाबतात, असे अनेक प्रयोगांत दिसले होते. जास्त काळ टिकणाऱ्या एका प्रकारच्या टोमॅटोत प्युट्रेसिन जास्त असते, हेही १९८८ साली समजले होते. चूक झाली ती इतक्या पुराव्यावर गोष्ट पुरी मानण्यात.

२००२ साली अमेरिकेत ऑतार मट्टू आणि सहकाऱ्यांनी टोमॅटोत यीस्टचे सॅम-डीकार्बॉक्सिलेज घातले आणि ते फळ पिकतानाच काम करील अशी योजना केली. वनस्पतीचे पहारे या परक्या जनुकावर नव्हते. अपेक्षेप्रमाणे स्पर्मिडिन व स्पर्मिन वाढले. फळे वेलीवर जास्त काळ टिकली आणि लायकोपिन दोन-तीन पटींनी वाढले. रस्सीखेचीच्या हिशोबाने इथिलीन कमी व्हायला हवे होते. प्रत्यक्षात तेही वाढले. दोन्ही बाजू एकाच वेळी पुढे सरकल्या.

हे कसे? रस्सी एकच आणि ठरावीक लांबीची आहे, हे गृहीतच चुकीचे होते. दोन्ही रस्त्यांवर सॅमचा वापर झाल्यावर गंधक असलेला एक सारखाच तुकडा मागे उरतो आणि पेशी त्यापासून पुन्हा मिथिओनिन व सॅम बनवते. यांग यांच्याच नावाने हे चक्र ओळखले जाते. म्हणजे सॅम हा साठवलेला हंडा नसून वाहता झरा आहे. झरा आटेल अशी परिस्थिती असेल, तर ओढाताण होईल. एरवी होईलच असे नाही.

यावरून रस्सीखेचीचे चित्र फाडून टाकावे, असे आम्ही म्हणत नाही. ते फळ्यावर काढावे, त्यावरून काय घडेल याचे भाकीत मुलांकडून लिहून घ्यावे आणि मग टोमॅटोचा निकाल सांगावा. सुबक गोष्ट प्रयोगापुढे कशी वाकते, हे शिकवण्याची याहून चांगली संधी क्वचितच मिळते. आणि टोमॅटोत दिसले, म्हणून केळ्यात तसेच होईल, असेही म्हणू नये.

बाटली आणि बारावी

एवढ्या खोलात शाळेने का जावे, असे कोणी विचारील. परीक्षेत गुण मिळत नाहीत, हेही खरे आहे. पण वर्गाबाहेरची एक परीक्षा आपल्या मुलांना द्यावीच लागते.

कापसाच्या हंगामात धुळ्यात किंवा जळगावात कृषी केंद्राच्या फळीकडे पाहा. टॉनिक म्हणून विकल्या जाणाऱ्या किती बाटल्या! २०२१ साली केंद्र सरकारने अशा जैव-उत्तेजकांना खत नियंत्रण आदेशाच्या कक्षेत आणले, ते बरे झाले. पण बाटली घ्यायची की नाही, हे शेवटी घरात ठरते, आणि त्या घरात विज्ञान शाखेत शिकणारी मुलगी किंवा मुलगा बहुधा एकच असतो. बाटलीवर लिहिलेले असते, की अमुक घटक वाढ घडवतो, म्हणून तो फवारा. जो विद्यार्थी 'अमुक संप्रेरक, अमुक काम' अशी यादी पाठ करून आला, त्याला यात काहीच खटकणार नाही. बाटलीची भाषा त्याच्या पुस्तकाचीच आहे.

ज्याने पहारे पाहिले आहेत, तो मात्र विचारील: पानावर पडलेल्यातले पेशीत किती गेले? पेशीत आधीच पुरेसे असेल, तर ती स्वतःचे बनवणे कमी करील का? पीक ताणात होते की नव्हते? आणि सर्वांत महत्त्वाचे, न फवारलेल्या दोन ओळी बाजूला ठेवल्या होत्या का? ताणाखाली बाहेरून दिलेल्या पॉलिअमाइनांचा फायदा दिसल्याचे प्रयोग आहेत. ते नाकारण्याचे कारण नाही. पण 'काही परिस्थितीत फायदा' आणि 'फवारले की फायदा' यांतले अंतर हजारो रुपयांचे असू शकते.

वर्गात काय करता येईल?

नवे प्रकरण नको. आहे त्या विकरांच्या धड्याला एक तास जोडावा. आम्ही सुचवतो तो खेळ चिंचोक्यांचा आहे.

टेबलावर एक वाटी ठेवा. चिंचोके म्हणजे पॉलिअमाइन. कागदाच्या पट्टीवर तीन चौकोन आखा: पहिली छोटी ओळ, दुसरी छोटी ओळ आणि विकर. प्रत्येक पाळीला एक विद्यार्थी रायबोसोम होतो. वाटीत दहापेक्षा कमी चिंचोके असतील, तर त्याने पहिल्या ओळीवर थांबून, दुसरी ओलांडून विकरापर्यंत जायचे आणि वाटीत दोन चिंचोके टाकायचे. दहा किंवा जास्त असतील, तर पहिली ओळ सोडून दुसरीवर अडकायचे. काही टाकायचे नाही. प्रत्येक पाळीच्या शेवटी, काहीही झाले तरी, एक चिंचोका काढून घ्यायचा. तो खर्च. फळ्यावर आकड्यांचा आलेख काढत राहा. रिकाम्या वाटीपासून सुरुवात केली, तर दहा पाळ्यांत दहा होतात आणि मग नऊ-दहा, नऊ-दहा असे चालू राहते.

आता दुसरी ओळ फाडून टाका. अडकायला जागाच नाही. आलेख वर वर जातो, थांबत नाही. तंबाखूच्या रोपाची आठवण करून द्या.

मग पट्टी पुन्हा जोडा, वाटीत दहा असताना बाहेरून वीस चिंचोके ओता आणि मुलांनाच पाहू द्या. एकवीस पाळ्या एकही नवा चिंचोका बनणार नाही आणि शेवटी आकडा पुन्हा नऊ-दहावर येईल. बाटलीचा विषय इथे काढावा. खऱ्या पेशीत नियम असा काटेकोर, चालू-बंद स्वरूपाचा नसतो, आणि ताणाच्या वेळी 'दहा' हा आकडाच बदलू शकतो, हेही सांगावे. एखाद्या गटाला तो आकडा वीस धरून खेळायला लावले, तर ताण म्हणजे काय, हे त्यांचे त्यांना समजेल.

लाळेचा प्रयोग अर्थातच चालू राहू द्यावा. फक्त त्याच्या शेवटी आयोडीनची बाटली न आवरता एक कच्चे, एक अर्धवट पिकलेले आणि एक पूर्ण पिकलेले केळे कापून प्रत्येकावर एकेक थेंब टाकावा. कच्च्यावर गडद निळा-काळा डाग पडेल, पिकलेल्यावर जवळपास काहीच दिसणार नाही. आणि मग तो प्रश्न मुलांनी विचारण्याची वाट न पाहता आपणच विचारावा: हे विकर इतके दिवस कुठे होते?